कंपनीच्या पाण्यावरचा मळा

पऱ्याचं पाणी लाल यायचं तवा मला त्याची भीती नव्हती वाटत. ते नितळ झालं तवा वाटायला लागली.

आमच्या वाडीच्या वर सडा हाय, नुसतं कातळाचं माळरान, आणि सड्यावर कंपनी. सड्याच्या पोटातनं पऱ्या निघतो तो आमच्या मळ्यांच्या कडेकडेनं खाडीला जातो. मळा म्हंजे काय मोठं नाय. भात कापून झालं की त्याच जमिनीत वाफे ओढायचे, पऱ्याला बांध घालायचा, पाट काढायचा आणि भाजी करायची. माठ, मुळा, पावटा, वाली. घोव गेला तवा माझी पोरं नाकं पुसायच्या वयाची व्हती. दिराला इचारलं, आता कसं? तो म्हणाला, मळा हाय ना. इतकंच म्हणाला आणि मुंबईला निघून गेला. मंग मी मळाच केला. पहाटे जुड्या बांधायच्या, टोपली डोक्यावर घ्यायची, यष्टीत कंडक्टरच्या शिव्या खायच्या आणि बाजारात बसायचं. पोरं त्याच्यावरच वाढली.

मंग कंपनी आली. पयल्यांदा काय कळलं नाय. येक दिवस पऱ्या आमसुलाच्या पाण्यासारखा आला. लोक म्हणाले, वर कुठं माती खणली असंल. मंग येकदा कोऱ्या चहासारखा आला. वास गोड, फणस कुजल्यावर येतो तसा. पऱ्यातले मासे पोट वर करून तरंगले. माझी म्हैस गाभडली आणि मंग ती उठलीच नाय. माठाची पानं कडेनं जळाली. तरी मी हिरव्या हिरव्या बगून जुड्या बांधल्या आणि बाजारात गेले, तर रोजची गिऱ्हाईक बाई जुडी हातात घेऊन म्हणाली, "मावशी, त्या पऱ्यावरचीच ना ही?" आणि जुडी खाली ठेवली. रागानं नाय. हळूच ठेवली. ते मला जास्ती लागलं.

मळा पडीक टाकला. मी चिऱ्याच्या खाणीवर गेले, चिरे उचलले. कंबर गेली तवा काजूच्या फॅक्टरीत बसले. काजूच्या टरफलाचं तेल बोटं खातं. अजून माझ्या बोटाचा ठसा उठत नाय. रेशनच्या दुकानात ते यंत्र मला ओळखत नाय, दुकानदार ओळखतो, पण यंत्र नाय म्हणतं. मी म्हणते, बाबा, मी तीच हाय. असो. दिवस गेले. पोरगी दिली, पोरगा मुंबईला टेम्पो चालवतो, सून माझ्याजवळ.

गावानं अर्ज केले. तपासायला बाटल्यांतनं पाणी भरून न्यायला माणसं आली, गेली, परत आली. मंग मधी कंपनीनं पाणी साफ करायचा नवा प्लांट घातला म्हणून कळलं, आणि त्यात साफसफाईला वाडीतल्या बायका घेतल्या. त्यात माझी सून लागली. निळा डगला, पायात गमबूट, न्यायला कंपनीची बस.

आणि मंग गावात कंपनीचा निरोप आला. आता आमचं पाणी शुद्ध झालंय. ते पाइपानं पऱ्यात सोडतो. उन्हाळ्यातही पऱ्या आटायचा नाय. तुमी पूर्वीसारखा बांध घाला, मळे करा.

वाडी खुश झाली. मी नाय झाले. मला मरायच्या आधी तो मळा हिरवा बगायचा व्हता, ह्यात खोटं नाय. माझ्या जमिनीत दुसऱ्यांची गुरं बसत व्हती ते मला रोज दिसत व्हतं. पण मळा घरच्यापुरता नसतो. ती भाजी कुणाच्या तरी पोरांच्या पोटात जाणार. ती घालावी का नाय, हे मला कोण सांगणार? ज्यांनी पाणी बिघडवलं तेच सांगत व्हते की आता चांगलं झालं.

बायकांना प्लांट दाखवायला नेलं. आधीच वडापाव आणि थंडा दिला. मी खाल्लं नाय. माझी जाऊ म्हणाली, "खा की गो, विष हाय का?" मी म्हटलं, "तू खा. तू पडलीस तर मी सांगते घरी." हसल्या सगळ्या.

साहेब तरणा व्हता, घाटावरचा, बोलायला मऊ. पयल्या टाकीत काळा फेस. तिथं आमी नाकाला पदर लावला. दुसऱ्या टाकीत खालनं बुडबुडे. म्हणाला, "आजी, ह्यात बारीक जीव पाळलेत. ते पाण्यातली घाण खातात."

"कसली घाण?"

"रसायनं. रंग, तेल, औषधांचा अंश. जे कुजतं ते हे जीव खातात. जे खात नाहीत ते पुढं अडवतो."

पुढं त्यानं एक जुडगा दाखवला. पांढऱ्या नळ्यांचा, काठीवर वाळत घातलेल्या शेवयांसारखा. म्हणाला, ह्याला मेम्ब्रेन म्हणतात, म्हंजे पडदा. नळीच्या अंगाला भोकं हायत, पाणी आत शिरतं, घाण बाहेर राहते. त्याच्यापुढं अजून एक पडदा, त्याच्यातनं पाणी जोर लावून दाबतात, तो त्याहून बारीक.

मी नळी हातात घेतली, डोळ्याजवळ नेली. "भोक दिसत नाय."

"दिसणार नाही, आजी. फार बारीक आहे."

न दिसणाऱ्या भोकानं न दिसणारी घाण अडवतात म्हणे, आणि आमी मानायचं. पण गाळणं म्हंजे काय ते मला कळतं. जन्मभर लग्नाच्या घरांतनं नारळाचा रस मीच गाळलाय. रस खाली जातो, चोथा फडक्यात राहतो. म्हणून मी इचारलं, "आणि चोथा? तो कुठं टाकता?"

"तो आटवतो, वाळवतो, पिशव्यांत भरतो. ट्रक येतो, घेऊन जातो."

"कुठं?"

"लांब. त्यासाठी वेगळी जागा आहे."

"लांब म्हंजे कुणाच्या तरी वाडीजवळच ना?"

तो पुढच्या टाकीकडं वळला. मंग मी मनातलं इचारलं. मोठ्या गाळण्यात येक खोड असते. गाळता गाळता फडकं तुंबतं. वर रस साचतो, पंगत बसलेली असते, आचारी ओरडत असतो. तवा बाई काय करते? फडक्याचा कोपरा जरासा उचलते. खाली पातेल्यात सगळं जातं, वरनं कुणाला कळत नाय.

"तुमचा पडदा तुंबतो का?"

"तुंबतो. मग धुतो. आम्लानं, क्लोरीननं."

"आणि धुवायला येळ नसला तर? कोपरा उचलायची सोय हाय का?"

साहेबानं माझ्याकडं बगितलं. म्हणाला, "आहे, आजी. बायपास म्हणतात. त्याला कुलूप आहे."

"किल्ली?"

"माझ्याकडं."

"आणि तू सुट्टीवर गेलास की?"

जाऊ म्हणाली, "तवा त्याची बायको देते!" सगळ्या हसल्या, साहेबही हसला. मी इचारलं, "तू पितोस का हे पाणी?" तो म्हणाला, "नाही. हे पिण्याचं नाही, शेतीचं आहे." तो खोटं बोलला असता तर माझं काम सोपं झालं असतं. खोट्या माणसाचं काय करायचं ते मला ठाऊक हाय. खऱ्याचं काय करायचं ते कळत नाय. तो खरा असंल, पण किल्ली येक आणि माणसं दहा.

घरी आल्यावर सुनेला म्हटलं, "तुला काय वाटतं गो?"

"पाणी चांगलं हाय, आई. मी रोज बगते. आधीच्या टाकीतलं आणि शेवटचं, दोन्ही बगते."

"तू बगतेस. बगून कळतं का?"

"तुमाला माझा पण संशय?"

"तुझा नाय. तुझ्या पगाराचा."

तिनं तवा आपटला. "त्याच पगारावर गॅस येतो घरात."

"म्हणूनच म्हणते."

रात्रभर ती माझ्याशी बोलली नाय. सकाळी भाकरी बांधून घेतली आणि माझीही करून ठेवली व्हती, ती झाकून.

आता आमच्याकडं गावचं काम देवाला इचारल्याबिगर व्हत नाय. गावकरानं देवळात सभा घेतली. गावकर म्हंजे गावचा मानकरी, पयला मान त्याचा. ठरलं की कौल लावायचा. गुरवानं देवीच्या दगडाला पाणी लावून फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या. उजवीकडची आधी पडली तर देवी व्हय म्हणते, डावीकडची पडली तर नाय. गावकरानं गाऱ्हाणं घातलं, "बाय देवी म्हाराजा, वरच्या कंपनीचं पाणी लेकरांनी मळ्याला घ्यावं काय नाय, ह्याचा निवाडा दे म्हाराजा!" सगळी वाडी म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

मी पण म्हटलं. पण माझी नजर गुरवाच्या अंगठ्यावर व्हती. त्याच्या भावाची गाडी कंपनीत लावलेली हाय. डावी पाकळी त्यानं दाबून लावली, उजवी नुसती टेकवली, असं मला दिसलं. का मला तसं बगायचंच व्हतं, ते देवी जाणे. उजवी पडली.

बाहेर आल्यावर मी तोंड वाकडं केलं असंल. गावकर म्हणाला, "काय काकी, आता देवाचा पण संशय काय?"

"देवाचा कशाला? तुमी इचारलंत त्याचा."

"म्हंजे?"

"पऱ्या जवा डोंगराचा व्हता तवा वर्षाचा कौल वर्षाला पुरत व्हता. आता पाणी रोज नवं. आज कंपनीत येक माल, उद्या दुसरा. देवीला येकदाच इचारलंत. उद्याचं कोण इचारणार?"

"मंग काय रोज कौल लावू? गुरवाला पगार द्या मंग!"

हसून गेले सगळे. मीही गेले.

बांध घातला. दगड, टहाळ, पेंढा, वर माती, बापये गडी मानेपर्यंत भिजले. पाणी चढलं, पाटाला लागलं. सगळे ओरडले. मी वाकून बगितलं. तळाचा खडा न् खडा दिसत व्हता, पण दगडाला शेवाळ नव्हतं. पाण्यावर पळणारे किडे नव्हते. चांगल्या पाण्यात कुणीतरी राहतं. ह्यात कुणी राहत नव्हतं. साहेबाला निरोप धाडला तर म्हणाला, वेळ लागेल, येतील. असंल.

तरी मी मळा केला. सांगायला लाज नाय वाटत, हात गप बसेनात. पावट्याचं बी राखेत ठेवलेलं व्हतं, दर वर्षी राख बदलून ठेवत आलेले, लावायचं नसलं तरी. ते काढलं. माठाचं बी फेकलं. वाफे ओढताना कंबर बोंबलली. रोप वर आलं तवा मी मनाशी ठरवलं, पयला माठ मी एकटी खाणार. सुनेला पण नाय देणार. मला जे व्हायचं ते होऊ दे, बाजारात न्यायचं ते नंतर.

माठ बोटभर झाला असंल. दुपारची येळ. मी वाफ्यात बसून तण काढत व्हते. सड्याच्या पायवाटेनं सून उतरताना दिसली. डगला काढून काखेत मारलेला, पायात गमबूट तसेच. ह्या येळेला ती कधी येत नाय. मला वाटलं, मुंबईचा फोन आला असंल, पोराचं काय झालं असंल.

ती धापा टाकत व्हती. "आई, पाणी घेऊ नका. पाट तोडा."

"काय झालं?"

"पडदा फाटलाय. सकाळपासनं. शेवटच्या टाकीत गढूळ येतंय, वास येतोय. साहेब रजेवर. दुसरा साहेब म्हणतो माल अर्ध्यात थांबवता येत नाय, संध्याकाळी बगू. आणि पाणी चालूच ठेवलंय."

"कोपरा उचलला म्हण."

तिनं घाम पुसला.

"कुणाला सांगितलंस?"

"तुमालाच."

"मंग दुसऱ्या कुणाला सांगू नकोस. डगला घाल. जेवणाची सुट्टी संपायच्या आत वर जा. कुणी इचारलं तर म्हातारीचं औषध द्यायला गेले व्हते म्हण."

"आणि बाकीच्यांचे मळे?"

"ते मी बगते. जा."

ती गेली. मी माझा पाट बुजवला. पण माझा पाट बुजवून काय व्हणार? बांधाचं पाणी सगळ्या वाडीच्या मळ्यांना जातं. ओरडून सांगितलं असतं तर लोकांनी इचारलं असतं, तुला कुणी सांगितलं? आणि संध्याकाळपर्यंत कंपनीला कळलं असतं, कोण सुट्टीत खाली उतरलं व्हतं ते. त्या पायवाटेला चार घरांची दारं उघडतात.

घरनं पहार आणली. बांधाच्या मध्यावर गेले. पयला दगड हलेना. चिऱ्याच्या खाणीत शिकलेली येक गोष्ट, दगड उचलायचा नाय, त्याच्या खालची माती काढायची. माती काढली. पाण्यानं बाकीचं काम केलं. पेंढा, टहाळ, सगळं खाडीकडं गेलं. माझ्या कमरेपर्यंत पाणी आलं. नितळच व्हतं. अजून वरचं पोचलं नव्हतं, का पोचलं व्हतं आणि मला दिसत नव्हतं, ते मला आजपर्यंत ठाऊक नाय.

लोक धावले. "म्हातारे, येड लागलं काय तुला?" "अगो, कौल लावलेला बांध फोडलास!" गावकर काठावर उभा राहून म्हणाला, "देव बगून घेईल काकी तुमाला."

"बगू दे."

"कशाला फोडलात?"

"मला वास आला."

"आमाला कसा नाय आला?"

"तुमी तमाखू खाता."

कुणी हसलं नाय. वास मला आला नव्हता. जाऊ माझ्याकडं टक लावून बगत व्हती. तिच्या वाफ्यात मुळा व्हता, दोन दिवस पाणी नाय मिळालं तर कडक व्हणारा. ती म्हणाली, "हिला आमचं हिरवं बगवत नाय." तिच्या मुळ्यासाठीच मी पाण्यात उभी व्हते. पण बोलले असते तर सुनेचा डगला गेला असता. म्हणून नाय बोलले. संध्याकाळी कंपनीची बस खालनं गेली तवा बांधावर अजून माणसं व्हती. खिडकीत सून मान खाली घालून बसली व्हती. तिनं बगितलं नाय ते बरं केलं.

मला देवळात उभं केलं. नारळ ठेवला, देवीची माफी मागितली. गावकरानं गाऱ्हाणं घातलं, "म्हातारीच्या हातनं चूक झाली असंल ती पदरात घे म्हाराजा," आणि मी सगळ्यांबरोबर म्हटलं, "व्हय म्हाराजा." देवीला काय ते ठाऊक असणार.

चार-पाच दिवसांनी बापयांनी बांध परत घातला. येक माणूस राखणीला बसवला. पऱ्याच्या नाय, माझ्या राखणीला.

रजेवरनं आल्यावर साहेब खाली आला. बांध बगितला, माझ्या वाफ्याच्या कडेला उकिडवा बसला. म्हणाला, "आजी, त्या दिवशी तुम्हाला वास कसला आला?"

मी तण काढत राहिले. "शेणाचा."

"पाण्याला शेणाचा?"

"मंग कसला यायला पायजे व्हता?"

त्यानं वाफ्यातलं येक तण उपटलं. "पुन्हा वास आला तर बांध फोडू नका. मला सांगा. मी रजेवर असलो तरी सांगा." कागदावर नंबर लिहून द्यायला लागला. मी म्हटलं, मला वाचता येत नाय. आकडे मला वाचता येतात. पण तो मनातनं इचारत व्हता का कोण बोललं ते हुडकत व्हता, हे मला कळलं नाय. अजून कळलं नाय. सुनेला रात्री इचारलं तर म्हणाली, पडदा बदलला, नवीन घातला, कुणी काय बोललं नाय. मंग म्हणाली, "आई, साहेब चांगला हाय."

"असंल. भाजीत मीठ घाल."

त्या दिवसापासनं आमचं येक सुरू झालं. संध्याकाळी ती घरात शिरली की मी तिच्याकडं बगायची. ती नुसती मान हलवायची, तेवढ्यावर मी सकाळी पाट उघडायची. कधी नाय हलवली तर दिवसभर कळशीनं इहिरीचं पाणी ओढायची. जाऊ म्हणायची, "हिला पाटाचं पाणी टोचतं." तरी तिनं येकदा माझा पाट बंद बगून आपला पण बंद केला. इचारलं नाय. मी पण बोलले नाय.

माठ तयार झाला. ठरवल्यासारखा मी एकटीनं खाल्ला, रोज. सून म्हणाली, मला पण द्या. नाय दिला. मला काय झालं नाय, पण म्हातारीला काय व्हणार? आमच्या हाडांत आधीच काय काय जाऊन बसलंय.

मंग बाजारात गेले. जुन्या जागेवर दुसरीच बसलेली, तिच्या बाजूला फडकं अंथरलं. येक तरणी बाई आली, कडेवर पोरगी. "गावठी ना आजी?"

"बी गावठी. पाणी कंपनीचं. साफ करून सोडतात म्हणे."

तिचा हात थांबला. बाजूची भाजीवाली मला कोपरानं ढोसून म्हणाली, "अगो, असं कोण सांगतं गिऱ्हाईकाला?"

बाई म्हणाली, "मग चांगली आहे ना?"

"मी खाते. महिना होईल. चांगली म्हणून सांगणारी मी कोण?"

"धुऊन घेते मी."

"धुवा. धुऊन काय जातं नि काय नाय ते मला ठाऊक नाय."

तिनं दोन जुड्या उचलल्या व्हत्या. येक खाली ठेवली, येक घेतली. बाकीच्या जुड्या दुपारपर्यंत मान टाकून पडल्या, थोड्या गेल्या, थोड्या मी घरी आणल्या.

पुढच्या बाजाराला ती परत आली. तिनं इचारायच्या आधी मी तिच्या कडेवरच्या पोरीचं तोंड बगितलं. अंगावर काय उठलंय का, डोळे कसे हायत. पोरीनं माझ्या टोपलीतलं पान ओढलं आणि तोंडात घातलं. मी तिच्या तोंडातनं ते काढून घेतलं, आणि आईला जुडी दिली.